कुंकू लागलेले बोर्ड

मंडईत झेंडूचे ढीग लागले की मला स्पिरिटचा वास येतो. बाकीच्यांना त्या केशरी राशी पाहून सणाची चाहूल लागते, बायका भाव करतात, कुणी आपट्याच्या पानांची चौकशी करतं. मी मेथीची जुडी पिशवीत कोंबून गर्दीतून वाट काढते, आणि माझे दात एकमेकांवर घासले जात असतात. इतकी वर्षं झाली. खराडीतली ती शेड आता राहिली नाही, तिथे काचेची इमारत उभी आहे. राग मात्र दरवर्षी झेंडूबरोबर ताजा येतो.

ऑक्टोबरचं ऊन पुण्यात खवचट असतं. सकाळी गार झुळूक देऊन तुम्हाला घराबाहेर काढतं आणि दुपारी टाळूवर येऊन बसतं. आमच्या साकोलीकडे ऊन उघड उघड भाजतं. मे महिना आहे, घरात बसा, असं सांगून येतं. इथल्या उन्हाची तक्रार करावी, तर कुणीतरी विचारणार, "का, तुमच्या विदर्भात बर्फ पडतो वाटतं?" पहिल्या वर्षी मी अशा बोलण्यावर हसायची. हसणं हे त्या वर्षी माझं निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम डबे बनवण्याचं. दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेर पुढचा नंबर दाखवणारा पडदा असतो ना, त्याच्या पाठीमागे एक छोटा डबा असतो. तो आम्ही बनवायचो. डब्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड. दिसायला एवढासा, पण तो अख्खा संगणक. मोबाइलमध्ये असते त्या जातीची, एआरएम म्हणतात तशी चिप, आणि तो चालवायला वर लिनक्स. मेमरी कार्डावर सगळं भरायचं, कार्ड खाचेत सरकवायचं, पडद्याला जोडून चालतंय ना ते बघायचं, डबा बंद करून स्क्रू आवळायचे. शेड पत्र्याची. समोर आयटी पार्कच्या काचा. दुपारी त्या काचांवरून परतलेलं ऊन थेट आमच्या टेबलांवर यायचं. गारवा आतल्यांना, चटका आम्हाला.

माझी शाळा नववीनंतर सुटली. वडिलांचा पाय मोडला, आईला एकटीला शेतातलं आणि घरातलं जमेना, आणि दहावी पुढच्या वर्षी करू म्हणता म्हणता ते पुढचं वर्ष आलंच नाही. मामाच्या ओळखीवर पुण्यात आले. मालक शिरीषसर, त्यांनी मार्कशीट मागितली नाही. स्क्रू आवळता येतो का, एवढंच विचारलं. मी "होय जी" म्हणाले. "नुसतं हो म्हण," ते म्हणाले, "जी लावून पगार वाढत नाही." सगळे हसले, मीही हसले, आणि घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं ते आनंदाने. या माणसाचे उपकार मी आजही मानते. त्यामुळेच त्यांच्यावर धड चिडता येत नाही. राग अर्धा राहतो, आणि अर्धा राहिलेला राग फार टिकतो.

दुसरे उपकार शालनताईचे. शेडमध्ये आम्ही दोघीच बायका. ती वाघोलीकडच्या खेड्यातली, माझ्या आईपेक्षा वयाने मोठी, घरात मिळवणारी ती एकटीच. मी नातलगांकडे किती दिवस पडून राहणार, हे तिनं न विचारता ओळखलं आणि येरवड्यात, तुरुंगाच्या भिंतीपासून दोन गल्ल्या सोडून, तिच्या नणंदेच्या घरात वरची खोली मिळवून दिली. नणंदेला आक्का म्हणायचे. माझ्यासमोरच शालनताई आक्काला म्हणाली, "माझ्या भरवशावर ठेव. चांगल्या घरची पोरगी हाय."

मी चांगल्या घरचीच आहे. आमच्या घरात कुणी दारू पीत नाही, आजोबांनी हंडी विकून मुलांना पाटी आणली होती. पण शालनताईच्या त्या वाक्यात जे होतं ते मला कळत होतं आणि मी गप्प राहिले. माझं आडनाव असं आहे की तिकडे त्यावरून काही कळतं, इकडे कळत नाही. पुण्यात सरळ विचारत नाहीत. गावाकडचा देव कोणता, नवरात्रात घट बसतात का, असं कडेकडेने विचारतात. मी म्हणायची, "आमच्याकडे वेगळं असतं." हे खरंच होतं. खरं बोलूनही अंग चोरल्यासारखं वाटावं, याची चीड मला तेव्हाही यायची. फक्त ती कुठे ठेवायची ते कळत नव्हतं. खोली जाईल ही भीती चिडीपेक्षा मोठी होती. परगावात डोक्यावर छप्पर असलेली मुलगी आणि नसलेली मुलगी या दोन वेगळ्या मुली असतात.

खंडेनवमीला शेडमध्ये काम बंद असायचं. ड्रिल, सोल्डरिंग गन, स्क्रूड्रायव्हर, तपासणीचे पडदे, सगळं पुसून मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. त्या वर्षी आदल्याच दिवशी नव्या बोर्डांचा लॉट आला होता. शालनताईनं हट्ट धरला की नवा माल आहे, आधी त्याला मान. ट्रे भरभरून बोर्ड मांडले गेले. हिरव्या पाट्यांवर झेंडूची फुलं, खरं सांगते, सुंदर दिसत होती. शालनताईची पद्धत ओल्या कुंकवाची. लॅनची वायर खुपसायचं जे चकचकीत खोकं असतं, त्याच्या पत्र्यावर ती बोट टेकवत चालली. निम्म्यात तिची कंबर धरली. ताट माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुज्या टेबलावरची तू कर, वैशाली."

मी ताट घेतलं. सगळ्यांकडे माझी पाठ होती. एकेका बोर्डावर एकेक पाकळी ठेवली. कुंकवाकडे हात गेला नाही. आजोबांनी लाखो माणसांच्या गर्दीत उभं राहून ज्या शपथा घेतल्या, त्या आमच्या घरात पाठ करून घेतल्या जात नाहीत, त्या हाताला माहीत असतात. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमचा नागपूरला जायचा दिवस. बाबा लंगडत का होईना, पांढरा सदरा घालून दीक्षाभूमीला गेले होते. गर्दीतून त्यांचा फोन आला, आवाज नीट येत नव्हता, "तू पायजे होतीस" एवढं कळलं. मी सुट्टी मागितलीच नव्हती. सुट्टी मागायची तर कारण सांगायला लागलं असतं.

दसरा झाला, कामाला लागलो. कार्डं घातली. पडदे उजळले, लिनक्स सुरू झालं, पांढरी अक्षरं धावली, सगळं नेहमीसारखं. फक्त लॅनची वायर लावल्यावर शेजारचा हिरवा दिवा लागायचा तो लागेना. नेटवर्क नाही म्हणजे पडद्यावरचा नंबर बदलणार नाही, डॉक्टर आत वाट बघणार आणि पेशंट बाहेर. एक बोर्ड गेला म्हणून बाजूला ठेवला. दुसरा तसाच. मग तिसरा. अख्खा लॉट तसाच.

आमचे इंजिनिअर निखिलसर, तरुण, कामात बुडालेले, जेवणाची आठवण करून द्यावी लागायची असे. त्यांनी एक बोर्ड उचलून डोळ्यांजवळ नेला, खोक्यावरचा लाल ठिपका नखाने खरवडला आणि शालनताईला विचारलं, सर्किटला कुंकू कुणी लावलं. झालं. मग पुढचं सगळं त्या लाल ठिपक्याभोवती फिरत राहिलं. ओलं कुंकू आत उतरलं, पितळी पट्ट्यांवर वाळलं, म्हणून नेटवर्क मेलं. माझ्या ट्रेमधल्या बोर्डांवर लाल काहीच नव्हतं आणि तेही बंदच होते. याचंही उत्तर निखिलसरांकडे तयार होतं. हिने पुसलंय, पण पुसताना आत ढकललंय. मी ऐकून घेतलं. शिरीषसर येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, आता देवीलाच म्हणावं नेटवर्क दे.

मग स्पिरिट. लहान ब्रश, कापूस, स्पिरिटची बाटली. मी आणि शालनताई समोरासमोर बसून बोर्ड पुसत होतो. कापूस उडतो म्हणून पंखा बंद. पत्रा तापलेला. त्या वासानं डोकं जड व्हायचं, जेवणाची चव जायची, बोटांची सालं निघाली. ज्या बोर्डांना कुंकू लागलंच नव्हतं ते मी खसाखसा पुसत होते, आणि त्या खोट्या मेहनतीचा राग माझ्या मनगटात साठत होता. शालनताई मध्येच ब्रश थांबवून म्हणायची, "इतकी वरसं लावतीया, कवा काय झालं न्हाय." तिचं कुणी ऐकत नव्हतं. तिच्या शेजारी बसून मीही ऐकत नसल्यासारखं करत होते.

निखिलसरांनी इंटरनेटवर त्या बोर्डांच्या चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला होता. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून कुणीतरी उत्तर दिलं, माझ्याकडे चालतंय. बस. माझ्याकडे चालतंय! अरे बाबा, तुझ्याकडे चालतंय तर तू उत्तर कशाला देतोस? मुंबईच्या पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणाला, माल तोच आहे साहेब, बोर्डावरचं नाव वाचा ना. नाव तेच होतं. या दोन माणसांना मी कधी पाहिलं नाही, पण रस्त्यात भेटले तर ओळखेन असं वाटतं.

एका मोठ्या दवाखान्याचं उद्घाटन ठरलेलं, डबे जायचे राहिलेले. शनिवारी दुपारी शिरीषसर आले. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही. शालनताईला म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका. तुमच्या भक्तीचा खर्च मला झेपायचा नाही."

शालनताई भांडली नाही, रडलीही नाही. चष्मा डबीत ठेवला, जेवणाचा डबा पिशवीत घातला, पिशवीचे बंद ती पुन्हा पुन्हा बांधत राहिली. ते बंद नीट बांधलेलेच होते.

आता हे सगळं लिहिताना सोपं वाटतं. सांगायचं तर एकच वाक्य होतं. ते वाक्य बोललं की कुंकवाचा आळ जाणार होता आणि शालनताईचं काम राहणार होतं. तेच वाक्य बोललं की मी कोण ते तिला कळणार होतं, तिच्याकडून आक्काला कळणार होतं, आणि आक्काच्या देवघराच्या डोक्यावर माझी खोली होती. मला त्या वेळी कुणाचा राग आला सांगू? शालनताईचा. तुला ओलंच कुंकू कशाला लागतं गं बाई, असं मनात आलं. माणूस घाबरला की राग जवळच्यावरच काढतो.

"सर, माझ्या ट्रेमधल्या बोर्डांना कुंकू लावलंच नव्हतं."

शिरीषसर दारात थांबले. निखिलसरांनी मान वर केली. "म्हणजे, पुसलं ना तू?"

"पुसलं नाही. लावलंच नाही. नुसती फुलं ठेवली."

"का गं?" हे शालनताईनं विचारलं. साधं विचारलं, बायका एकमेकींना भाजीत मीठ का नाही घातलं विचारतात तसं.

"आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात नाही करत."

मग निखिलसर उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. त्यांना माझा धर्मही ऐकू आला नव्हता आणि जातही. त्यांना एवढंच ऐकू आलं होतं की कुंकू नसलेले बोर्डही बंद आहेत, म्हणजे कारण कुंकू नाही. ते आधीच्या लॉटमधला जुना बोर्ड शोधायला कपाटाकडे धावले. त्या दिवशी मला त्यांच्या त्या न ऐकण्याबद्दल फार बरं वाटलं. शिरीषसर माझ्याकडे वळून म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंस?"

आणि शालनताई, जिच्यासाठी मी तोंड उघडलं होतं, ती पिशवी खाली ठेवत म्हणाली, "तरीच. निम्मी पूजा ऱ्हायली, म्हनून समदं अडलं."

या दोन वाक्यांपैकी कुठल्या वाक्यावर जास्त चिडायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शालनताईच्या वाक्यावर मी कधीकधी हसते तरी. आळ तिच्या कपाळावरून निघाला तो हवेत न विरता थेट माझ्या कपाळावर येऊन बसला, तेही तिच्या मनात कसलंही पाप नसताना. पण आधी का नाही सांगितलंस? तुम्ही कधी विचारलंत? आणि ज्यांनी विचारलं ते कशासाठी विचारत होते? सांगितलं असतं तर काय झालं असतं हे जो कधी भोगत नाही, तोच इतक्या सहज विचारू शकतो. त्यांनी बोर्डांबद्दलच विचारलं होतं, हे मला माहीत आहे. त्यांचं मन साफ होतं. त्यांच्या साफ मनाचाच मला राग येतो.

जुना आणि नवा बोर्ड भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्यावर निखिलसरांना जे दिसलं ते पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. लॅनच्या खोक्यामागची बारकी चिप बदललेली होती. बोर्डाचं नाव तेच, छपाई तीच, पेटी तीच. बनवणाऱ्याने मधल्या मधे चिप बदलली आणि कुणाला सांगितलं नाही. निखिलसरांनी मला समजावून सांगितलं, आणि हे एक त्यांचं मोठेपण की समजावून सांगितलं. घरच्या मोठ्या संगणकात बहुतेक भाग विचारलं की आपलं नाव सांगतात. या छोट्या बोर्डांवर तसं नसतं. कुठल्या तारेला काय जोडलंय ते एका फाइलमध्ये आधीच लिहून द्यावं लागतं, आणि लिनक्स त्या लिहिलेल्यावर विश्वास ठेवून चालतं. आमच्या फाइलमध्ये जुन्या चिपला जागं करायची तार लिहिलेली होती. नवी चिप दुसऱ्या तारेवर बसवलेली. लिनक्स बिचारं रोज त्या जुन्या तारेवरून हाक मारत होतं, तिकडे कुणीच नव्हतं, आणि जी होती ती झोपून होती. कुणी कुणाला चूक म्हणत नव्हतं. मीटर लावून, एकेक तार चाचपत, सरांनी ती नवी तार शोधली, फाइलमधला आकडा बदलला, कार्ड पुन्हा भरलं. हिरवा दिवा लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या दिव्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की माझ्याबद्दलही इथं सगळ्यांनी न विचारता काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवून सगळं सुरळीत चालू होतं. फरक इतकाच, की बोर्डाची फाइल दुरुस्त केल्यावर दिवा लागतो.

डबे वेळेवर गेले. सोमवारी शालनताई आली, तेव्हा शिरीषसर "या, लागा कामाला" एवढं म्हणाले. चुकलं असं कुणी म्हणालं नाही, तिलाही नाही आणि मलाही. पुरवठादाराने तर नव्या लॉटसोबत दिवाळीची मिठाई पाठवली. सगळ्यांनी खाल्ली. मी खाल्ली नाही. माझा निषेध कुणाच्या लक्षातही आला नाही. शालनताई पूर्वीसारखीच डब्यातला ठेचा माझ्या पोळीवर वाढत होती. बोलण्यात बदल नाही, वागण्यात नाही. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहायची आणि काही न सापडल्याने आणखी चिडायची.

दिवाळी झाल्यावर आक्कानं मला खाली बोलावलं. चहा दिला. कपाकडे मी जरा जास्तच निरखून पाहिलं. कप नेहमीचाच होता. पोलीस भरतीच्या तयारीला भाचा येणार आहे, खोली लागेल, असं ती म्हणाली. महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाली. घाई नाही, तुझ्याबद्दल तक्रार नाही, मुलगी गुणाची आहेस, असं सगळं म्हणाली. मी "बरं" म्हणाले. भांडायला काहीच हातात नव्हतं. भाचा खरा असेल. असूही शकतो. पुण्यात भरतीला मुलं येतात. या शहरात तुम्हाला दारातून कुणी ढकलत नाही, फक्त प्रत्येक वेळी कुणाचा तरी भाचा येणार असतो, आणि तुम्ही आयुष्यभर त्या भाच्याचा विचार करत बसता.

चंदननगरमध्ये खोली मिळाली. निवृत्त नर्सबाईंचं घर, बाई करड्या, पण बोलायला सरळ. सामान हलवायच्या दिवशी मी कुणाला बोलावलं नव्हतं. शालनताई आपण होऊन आली, रविवार असून आली. माझी गॅसची शेगडी मांडीवर घेऊन रिक्षात बसली, खड्डा आला की दोन्ही हातांनी धरायची. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं, आणि तिनं उतरू नये असंही वाटत होतं. रस्ताभर मी बाहेर बघत राहिले.

खोलीत शेगडी ठेवून तिनं नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी लावून पाहिली, भिंतीला ओल आहे का ते तळहाताने पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "हितल्या मालकिनीला सांगितलंस न्हवं?"

"काय?"

"तेच."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं नजर चुकवली नाही.

"सांगितलं," मी म्हणाले. "नळाला पाणी कधी येतं ते विचारायच्या आधी सांगितलं."

तिनं समाधानानं मान हलवली आणि पदरानं गळ्याचा घाम पुसला. "मग झ्याक. ही खोली जायची न्हाय," ती म्हणाली, आणि माझी पातेली एकात एक घालून फडताळात लावू लागली.